पिवळे डोळे आणि पिवळे पुस्तक
(संस्थेच्या वार्षिक समारंभानिमित्त नौपाडा, ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते संस्थेच्या माध्यमिक शाळेत सहशिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'पीतज्वर कसा ओळखावा' असा विषय छापला आहे. तो वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. पीतज्वर हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील रोग. आपल्या देशात तो नाही. शिवाय मी डॉक्टर नाही. मी इतिहास आणि मराठी शिकविणारा शिक्षक आहे. मग या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय? अधिकार एवढाच की, या रोगाच्या नावाचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे आमच्या घरातील एक माणूस गेला आणि तो अर्थ लावणारा मी होतो.

माझे मामू बोटीवर नोकरीला होते. पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांना जाणाऱ्या बोटींवर त्यांच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या होत्या. त्यांच्याजवळ एक लहानसे पिवळे पुस्तक असे. पीतज्वराची लस टोचून घेतल्याचे ते आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. आपल्या समाजात बोटीवर किंवा परदेशी नोकरीला गेलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी पासपोर्टाच्या पिशवीत हे पुस्तक आपण पाहिले असेल.

२६ जुलै २००५ रोजी मामू रजेवर होते आणि काही कागदपत्रांसाठी मुंबईला गेले होते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मामू कुर्ल्याहून कमरेइतक्या पाण्यातून निघाले, रात्र एका अनोळखी घराच्या जिन्यावर काढली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायी राबोडीला पोहोचले. चपला वाहून गेल्या होत्या, तळपाय फाटले होते. घरात सर्वांनी शुक्र मानला. मामू सुखरूप आले, आणखी काय पाहिजे?

नवव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. डोके दुखू लागले. पोटऱ्या तर अशा दुखत की नानीने पाय दाबावयास हात लावला तरी ते कळवळत. डोळे लाल झाले. पाचव्या दिवशी डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला. कोणी म्हणाले कावीळ, कोणी म्हणाले बोटीवरचा रोग. मी तेव्हा दहावीत होतो आणि घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच. मी मोठ्या ऐटीत पिवळे पुस्तक काढले आणि वाचून दाखविले. 'यलो' म्हणजे पिवळा, 'फीवर' म्हणजे ताप. त्याची लस मामूंनी २००१ साली घेतली आहे, ती २०११ पर्यंत चालेल, तेव्हा हा मोठा रोग असणे शक्य नाही. ही साधी कावीळ आहे. सर्वांना हायसे वाटले. शिकलेल्या मुलाने पुस्तक वाचून सांगितले होते. दुसऱ्या दिवशी मामूंना कावीळ उतरविणाऱ्याकडे नेऊन गळ्यात माळ घातली आणि माळ लांब होण्याची वाट पाहत आम्ही घरी बसलो.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी, मी जे नाव वाचले त्याचा खरा अर्थ काय होता ते पाहू.

पीतज्वर हा विषाणूमुळे होणारा रोग. एडिस जातीचा, पायांवर पांढरे पट्टे असणारा डास चावल्याने तो माणसाला होतो. डास चावल्यापासून तीन ते सहा दिवसांत ताप येतो. डोके, पाठ, अंग दुखते. मळमळ होते, उलट्या होतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोगाचे नाव पिवळे असले तरी या पहिल्या अवस्थेत रोगी पिवळा दिसत नाही. बहुतेक रोगी तीनचार दिवसांत बरे होतात आणि कधीच पिवळे पडत नाहीत. थोड्या रोग्यांना, सुमारे शंभरांत पंधरांना, एखादा दिवस बरे वाटून पुन्हा ताप चढतो. मग डोळे व कातडी पिवळी होते, हिरड्यांतून व नाकातून रक्त येते, काळसर उलटी होते, लघवी कमी होते. या दुसऱ्या अवस्थेत गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे रोगी सात ते दहा दिवसांत दगावतात.

जुने डॉक्टर नाडीवर बोट ठेवून एक खूण पाहत. साधारणपणे ताप चढला की नाडी जलद चालते. पीतज्वरात ताप चढत असताना नाडी मंद होत जाते. परंतु अशी मंद नाडी विषमज्वरातही सापडते. म्हणून खुणांवरून संशय घ्यावयाचा आणि निर्णय प्रयोगशाळेने द्यावयाचा, असा नियम आहे. पहिल्या काही दिवसांत रक्तात प्रत्यक्ष विषाणू सापडतो. त्यासाठी पीसीआर चाचणी असते. नंतर विषाणू रक्तातून जातो आणि त्याच्याशी लढणारी प्रतिद्रव्ये दिसू लागतात; त्यांची वेगळी चाचणी असते. तीही डोळे मिटून मानता येत नाही. लस घेतलेल्यांच्या रक्तात ही प्रतिद्रव्ये असतातच, आणि डेंग्यूचा विषाणू याच कुळातला असल्यामुळे त्याचीही गल्लत होते. म्हणून डॉक्टर आधी विचारतो: तुम्ही गेल्या आठवड्यात कोणत्या देशात होता? लस कधी घेतली? या दोन उत्तरांवाचून रक्ताच्या कागदाला अर्थ नाही.

मित्रहो, माझ्यासारख्या दहावीच्या मुलाने रोग ओळखण्यात चूक केली यात नवल नाही. याच दोन रोगांच्या बाबतीत जगातला एक थोर शास्त्रज्ञही चुकला होता. हिदेयो नोगुची हे जपानी शास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करीत. १९१८ साली ते दक्षिण अमेरिकेत एक्वेडोर देशातील ग्वायाकिल बंदरात गेले. पीतज्वराचे म्हणून जे रोगी त्यांना दाखविण्यात आले त्यांच्या रक्तापासून त्यांना स्क्रूसारखे पीळदार जंतू मिळाले. हाच पीतज्वराचा जंतू असे त्यांनी जाहीर केले. लसही तयार केली आणि ती अनेकांना टोचण्यात आली. पुढे मॅक्स थायलर आणि सेलार्ड्स यांनी १९२६ साली दाखवून दिले की, नोगुचींचा जंतू हा पीतज्वराचा नसून लेप्टोस्पायरा, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणारा जंतू आहे. ताप आणि पिवळे डोळे दोन्हीकडे सारखे. म्हणून रोगी निवडण्यातच गफलत झाली होती.

१९२७ साली पश्चिम आफ्रिकेत एड्रियन स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असिबी नावाच्या एका आजारी आफ्रिकी माणसाचे रक्त ऱ्हीसस माकडाला टोचले. ऱ्हीसस म्हणजे आपल्याच देशात आढळणारे लाल तोंडाचे माकड. माकडाला पीतज्वर झाला आणि या रोगाचे कारण विषाणू आहे हे सिद्ध झाले. असिबी बरा झाला. स्टोक्स मात्र त्याच वर्षी पीतज्वराने वारले. आपले म्हणणे पुन्हा तपासून पाहण्यासाठी नोगुची स्वतः आफ्रिकेत गेले आणि मे १९२८ मध्ये आक्रा येथे तेही पीतज्वराने मरण पावले. असिबीच्या रक्तातील त्याच विषाणूपासून थायलर यांनी १९३७ साली खरी लस तयार केली. १९५१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मामूंच्या दंडात टोचलेली लस ती हीच. चूक थोरांच्या हातूनही होते. परंतु चूक तपासून पाहण्याची तयारी असली तर तिच्यातून मार्ग निघतो, हे या हकीकतीवरून दिसते.

आता आपल्या देशाकडे वळू. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि जवळच्या गावांतील माणसांना तीव्र ताप येऊ लागला. माकडे मरणे ही पीतज्वराची दक्षिण अमेरिकेतील जंगलांत ओळखीची खूण. तेव्हा पीतज्वर हिंदुस्थानात आला की काय, अशी मोठी धास्ती निर्माण झाली. पुण्यात १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झाले होते. आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. तेथील शास्त्रज्ञ जंगलात गेले. त्यांनी रोग्यांचे आणि मेलेल्या माकडांचे नमुने घेतले, डास पाहिले, गोचिडी वेचल्या आणि विषाणू वेगळा काढून ताडून पाहिला. तो पीतज्वराचा निघाला नाही. तो एक नवीनच विषाणू होता आणि डासांनी नव्हे तर गोचिडींनी पसरत होता. त्यालाच आपण आज माकडताप म्हणतो. हाच माकडताप पुढे २०१६ साली आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात दिसून आला. पुण्याच्या मंडळींनी नुसत्या खुणेवर विश्वास ठेवून डास मारण्याची मोहीम काढली असती, तर गोचिडी तशाच राहिल्या असत्या. रोगाचे नाव चुकले की उपायही चुकतो.

आपल्याकडे पीतज्वर नाही याचा अर्थ तो कधी येणारच नाही असा मात्र नव्हे. तो पसरविणारा एडिस डास आपल्या घरात आहे; डेंग्यू आपल्याला तोच देतो. गच्चीवरील टाकी, फ्रिजमागचे भांडे, फुलदाणी, जुने टायर यांतील स्वच्छ पाण्यात तो वाढतो. नाही तो फक्त विषाणू, आणि तो येऊ नये म्हणून विमानतळावर व बंदरात पहारा असतो. पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्याजवळ लसीचे वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. सहाच दिवस का, हे आता आपल्या लक्षात आले असेल: डास चावल्यापासून ताप येण्याची मुदत तेवढीच. २०१६ साली अंगोलात मोठी साथ चालू असताना तेथे कामाला गेलेले अकरा चिनी नागरिक हा रोग घेऊन चीनमध्ये परतले. आशिया खंडात पीतज्वराचे निश्चित रोगी सापडण्याची ती पहिलीच वेळ होती.

म्हणून ज्यांचे मुलगे, भाऊ नोकरीसाठी केनिया, नायजेरिया, अंगोला, घाना अशा देशांत जातात त्यांना माझी विनंती आहे. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य विभागांची अशी केंद्रे आहेत. निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होते. पूर्वी ते दहा वर्षे चाले. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या पुढचे वय किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. आणि कोणी लस न घेता पैसे घेऊन शिक्का मारून देतो म्हणाला, तर तो आपल्याला कागद देतो, संरक्षण देत नाही, हे ओळखावे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ठाण्यात, कळव्यात, मुंब्र्यात, कल्याण-डोंबिवलीत ताप आणि पिवळे डोळे असलेला माणूस दिसला, तर ते काय असेल? पिवळेपणा हा रोग नव्हे. ती खूण आहे. शाळेची घंटा वाजली की तास संपला असेल, सुट्टी झाली असेल किंवा आगही लागली असेल. घंटेवरून एवढेच कळते की काही तरी झाले आहे. डोळे पिवळे झाले म्हणजे पित्तातील पिवळे द्रव्य रक्तात साठले आहे, इतकेच. का साठले ते शोधावे लागते.

दूषित पाण्यातून होणारी विषाणूजन्य कावीळ आपल्या ओळखीची आहे. तीत भूक जाते, मळमळते, लघवी गडद होते. परंतु बहुधा डोळे पिवळे होतात त्या सुमारास ताप उतरलेला असतो. गरोदर स्त्रीला ही कावीळ झाली तर घरी थांबू नये, कारण तिच्यातील 'ई' प्रकार अशा वेळी जिवावर बेतू शकतो. हिवतापाच्या घातक प्रकारातही डोळे पिवळे होतात. तेथे रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन तपासला की निदान होते. डेंग्यूतही यकृताला सूज येते, रक्तस्राव होतो. आणि पावसाळ्यात, पूर ओसरल्यानंतर, पहिला संशय घ्यावयाचा तो लेप्टोस्पायरोसिसचा, ज्याला आपण लेप्टो म्हणतो.

लेप्टोचे जंतू उंदीर, घुशी, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि पायाच्या चिरेतून, जखमेतून अंगात शिरतात. येथून हाकेच्या अंतरावर वंदना टॉकीजचा परिसर आहे. जोराचा पाऊस झाला की तेथे पाणी साचते आणि आपली मुले त्यातून शाळेत येतात. अशा पाण्यातून गेल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवसांत ताप येतो. पोटऱ्या व कंबर अतिशय दुखते, डोळे लाल होतात. पुढे काहींचे डोळे पिवळे होतात, आणि येथे ताप उतरत नाही. ताप व पिवळेपणा हातात हात घालून चालतात. लघवी कमी होऊ लागली, धाप लागली, थुंकीतून रक्त आले, तर मूत्रपिंडावर व फुफ्फुसावर घाला पडला असे समजावे.

लेप्टोच्या प्रतिद्रव्यांची चाचणी पहिल्या चारपाच दिवसांत खोटी दिलासा देणारी निघू शकते. म्हणून सूज्ञ डॉक्टर कागदाची वाट न पाहता औषध सुरू करतात. पीतज्वरावर नेमके औषध नाही, पण लस आहे. लेप्टोची लस आपल्याकडे माणसांना दिली जात नाही, पण साधी, स्वस्त प्रतिजैविके आहेत आणि ती लवकर दिली तर गुण येतो. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बहात्तर तासांच्या आत प्रतिबंधक औषधही घेता येते.

आता मामूंची उरलेली हकीकत. माळ घातल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची लघवी जवळजवळ बंद झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तापाच्या आठव्या दिवशी, धाप लागली तेव्हा आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरने तीनच प्रश्न विचारले. ताप कोणत्या तारखेला आला? त्याआधी पंधरा दिवस हे कोठे होते? पुराच्या पाण्यातून चालले होते का? मी खिशातून पिवळे पुस्तक काढून पुढे केले. त्यांनी ते पाहिले आणि शांतपणे परत दिले. "बाळ, हे आफ्रिकेतल्या डासाचे आहे. यांना आपल्या गटारातल्या पाण्याने धरले आहे. चार दिवस आधी आणायला हवे होते." मामू तिसऱ्या दिवशी गेले. लेप्टो असल्याचा रक्ताचा अहवाल त्यांच्या दफनानंतर आमच्या हाती आला.

चार दिवस आधी नेले असते तर ते नक्की वाचले असते असे मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. परंतु ते चार दिवस आम्ही त्यांच्याकडून काढून घेतले, हे खरे आहे. मला कोणी बोल लावला नाही. नानी तर शेवटपर्यंत म्हणत असे, मुलाने बिचाऱ्याने वाचून सांगितले होते. तिचे ते वाक्य मला अजून बोचते. माझ्या वाचण्यावर घरातल्या सर्वांनी विश्वास टाकला होता, आणि मला अक्षरे वाचता येत होती, अर्थ येत नव्हता.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी औषधाचे कागद, अहवाल, अर्ज वाचणारे तुम्हीच असाल. तो मान मोठा आहे आणि जबाबदारीही मोठी आहे. जे कळले ते सांगा. जे कळले नाही तेथे "मला समजले नाही, डॉक्टरांना विचारू या" असे म्हणावयास लाजू नका. त्या डॉक्टरचे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: ताप केव्हा आला, आधी कोठे होता, कोणत्या पाण्यातून गेला. घरात कोणाला ताप येऊन डोळे पिवळे दिसले तर ही तीन उत्तरे घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. कळव्याचे महापालिकेचे रुग्णालय आपल्याला दूर नाही. माळ घालावयाची कोणाची श्रद्धा असेल तर त्यावर मी वाद घालणार नाही. पण तिच्यासाठी एक दिवसही थांबू नका.

ते पिवळे पुस्तक आज माझ्या टेबलाच्या खणात आहे. दर जून महिन्यात, पाऊस सुरू झाला की, मी ते वर्गात नेतो आणि मुलांना विचारतो, यावर काय लिहिले आहे? मुले लगेच वाचतात, "यलो फीवर." मग मी म्हणतो, वाचले छान, आता याचा अर्थ काय आणि काय नाही, ते पाहू. आणि तास सुरू होतो.